क्लास ई ट्रान्समीटरचं कीइंग स्वच्छ कसं करायचं: होमब्रू सुरू करणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

क्लास ई पीए (ट्रान्झिस्टर नुसता स्विचसारखा चालवणारा पॉवर अँप्लिफायर) बांधला, डमी लोडवर (अँटेनाच्या जागी लावायचा रेझिस्टर) पाच वॅट आले, फायनल (शेवटचा पॉवर ट्रान्झिस्टर) हाताला गार लागतोय, आता मोर्सची की लावायची आणि सीक्यू, म्हणजे सगळ्यांना हाक, मारायचं, इथपर्यंत बरेच जण व्यवस्थित पोचतात. कारण क्लास ईचं गणित आता सगळीकडे मिळतं. नेथन सोकल आणि अॅलन सोकल या बापलेकांनी १९७५ साली ते मांडलं आणि आज सर्किट जवळजवळ आकडे भरून तयार होतं. अडतं ते पुढे. कीइंगबद्दल, म्हणजे कीने रेडिओ सिग्नल (आरएफ) चालू-बंद करण्याबद्दल, जे सल्ले कानावर येतात ते बहुतेक क्लास सी किंवा लिनियर पीएसाठीचे असतात, ते तसेच्या तसे स्विचिंग पीएला लावले की सिग्नल क्लिक मारायला लागतो, आणि कधीकधी फायनलच उडतो. म्हणून हे सगळं एका ठिकाणी लिहितोय.

उदाहरण सगळीकडे एकच धरलंय: ४० मीटर, १२ व्होल्ट, ५ वॅट, फायनलला तीन बीएस१७० पॅरलल. क्लास डी वाल्यांनाही यातलं जवळपास सगळं लागू आहे. आणि अँटेनाला जोडायच्या आधी डब्ल्यूपीसीचं (केंद्र सरकारचा वायरलेस परवाना विभाग) लायसन्स हातात हवं, एएसओसीची (हौशी रेडिओ ऑपरेटरची) परीक्षा अजून दिली नसेल तर तोवर डमी लोडवर बांधाबांध करा, या लेखातलं बरंचसं काम तसंही डमी लोडवरच होतं.

१. आधी नेमकं काय बिघडतं ते वेगवेगळं ओळखा

"कीइंग खराब आहे" असं कोणी सांगितलं तर त्याचे चार वेगळे अर्थ होऊ शकतात आणि चौघांचे उपाय वेगळे आहेत.

क्लिक: आरएफ शून्यापासून फुल पॉवरला काही मायक्रोसेकंदात पोचतो किंवा तितक्याच झटक्यात तुटतो. कडा जितकी तीव्र तितकी एनर्जी आजूबाजूला पसरते. ७.०३० मेगाहर्ट्झच्या आसपास क्यूआरपीवाले (कमी पॉवरवर बोलणारे) काहीशे हर्ट्झच्या अंतराने बसलेले असतात, त्यांच्या कानात प्रत्येक डिटला (मोर्सचा टिंब) दोनदा टक टक होतं, आणि तुम्हाला स्वतःला पत्ता नसतो कारण तुमचा साइडटोन (पाठवताना स्वतःला ऐकू येणारा टोन) एकदम गोड वाजतोय.

चर्प: की दाबल्यावर फ्रिक्वेन्सी सरकते, टोन "ट्युई" असा येतो. हा ऑसिलेटरचा प्रॉब्लेम, पीएचा नाही.

बॅकवेव्ह: की वर असतानाही बारीक कॅरियर ऐकू येतो. म्हणजे ड्राइव्ह चालूच आहे आणि तो ट्रान्झिस्टरच्या आतल्या कपॅसिटन्समधून गळतोय.

डिट छोटे होणं: पुढची कडा उशिरा निघते आणि मागची वेळेवर, त्यामुळे २० शब्द प्रति मिनिटाला ६० मिलिसेकंदाचा डिट ५० चाच बाहेर जातो. हिशोब सोपा आहे, १२०० भागिले स्पीड म्हणजे डिट मिलिसेकंदात.

२. सामान

- बीएस१७० तीन (आणि तीन जास्तीचे, खरंच घ्या)
- पी चॅनल मॉसफेट एक, आयआरएफ९५४० सहज मिळतो
- बीसी५४७, १एन४१४८ थोडे
- ७४एसी०८ आणि ७४एचसी१४
- ०.१ मायक्रोफॅरडचे मायलर कपॅसिटर, तेच पॉलिस्टर
- १२ के, १८ के, १०० के, १०० ओहम, २.२ के रेझिस्टर
- डमी लोड: १ के अर्ध्या वॅटचे वीस रेझिस्टर पॅरलल, झाले ५० ओहम १० वॅट, कार्बन किंवा मेटल फिल्मच, वायरवाउंड नको
- स्कोप, नसेल तर डायोड डिटेक्टर आणि कॉम्प्युटरचं साउंड कार्ड, त्याबद्दल खाली आहे
- करंट लिमिट असलेला पॉवर सप्लाय, तो नसेल तर १ अँपियरचा फ्यूज

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तपकीर गल्लीत टोरॉइड (कॉइल गुंडाळायच्या गोल कड्या) सोडून हे बहुतेक सगळं मिळून जातं, टोरॉइड मात्र बहुतेकदा ऑनलाइनच मागवावे लागतात. आयआरएफ५१० घेणार असाल तर जपून, दुसऱ्याच मॉसफेटवर नंबर छापून विकलेला माल फिरत असतो, आणि ते मल्टिमीटरवर चांगले दिसतात पण ७ मेगाहर्ट्झला गेट कपॅसिटन्स इतका निघतो की ड्राइव्हच बसून जातो.

३. ड्राइव्हला शेप द्यायचा विचार सोडून द्या

नवीन माणूस हमखास इथेच अडकतो म्हणून थोडं सविस्तर.

लिनियर पीएमध्ये आत जितकं घालाल त्या प्रमाणात बाहेर येतं, म्हणून तिथे आधीच्या स्टेजला हळू चढवलं, हळू उतरवलं की काम झालं. क्लास ईमध्ये ट्रान्झिस्टर स्विच आहे, एक तर बंद नाहीतर पूर्ण चालू. तुम्ही ड्राइव्ह ५ मिलिसेकंदात छान गोलाईने चढवला तरी थ्रेशोल्ड (ट्रान्झिस्टर चालू व्हायला लागणारं गेट व्होल्टेज) येईपर्यंत बाहेर काहीच नाही, मग थ्रेशोल्ड ओलांडला की थोड्याशा वाढीत आउटपुट उडी मारून जवळजवळ फुल. तुमची ५ मिलिसेकंदाची कडा बाहेर येताना एका मिलिसेकंदाच्याही आत कापली जाते. वर आणखी एक, या मधल्या अवस्थेत ट्रान्झिस्टर ना धड चालू ना धड बंद, सगळी उष्णता त्याच्यातच, आणि बीएस१७० च्या टीओ-९२ बॉडीला ती सहन होत नाही.

मग आउटपुट कशाने बदलतं? ड्रेनच्या सप्लायने. क्लास ईचं आउटपुट व्होल्टेज सप्लायच्या व्होल्टेजच्या जवळजवळ सरळ प्रमाणात असतं, सप्लाय अर्धा केला की आउटपुट व्होल्टेज अर्धं, पॉवर पाव. याच गुणामुळे एएमवाले लोक क्लास ई पीएला ड्रेनवर मॉड्युलेट करतात. आपल्यालाही तेच करायचंय, फक्त ऑडिओच्या जागी डिट आणि डा (मोर्सची रेघ).

म्हणजे नियम एकच: ड्राइव्ह कायम पूर्ण ताकदीचा, शेप फक्त सप्लायला, आणि सप्लाय चढायच्या आधीपासून तो पूर्ण उतरेपर्यंत ड्राइव्ह हजर. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच्याच आहेत.

४. शेपर बांधा

शेपर म्हणजे सप्लाय हळू चढवणारं-उतरवणारं सर्किट. आयआरएफ९५४० चा सोर्स १२ व्होल्टला, ड्रेन पीएच्या आरएफ चोककडे. गेटपासून सोर्सला १२ के. गेटपासून १८ के, आणि त्या १८ के चं दुसरं टोक जमिनीला नेणारा बीसी५४७. आणि मुख्य वस्तू, गेट आणि ड्रेनच्या मध्ये ०.१ मायक्रोफॅरड. गेटच्या पायाला अगदी चिकटून १०० ओहम सिरीजमध्ये टाका, नाहीतर हा मॉसफेट स्वतःच ऑसिलेट होऊ शकतो.

त्या कपॅसिटरमुळे हा इंटिग्रेटर होतो. ड्रेनचं व्होल्टेज किती वेगाने बदलणार ते कपॅसिटरमधून जाणारा करंट ठरवतो. ०.१ मायक्रोफॅरडला सुमारे ०.२४ मिलिअँपियर मिळाला की ५ मिलिसेकंदात १२ व्होल्ट. वरचे रेझिस्टर त्याच हिशोबाने निघालेत: गेट सोर्सच्या ३ व्होल्ट खाली असताना मॉसफेट चालू व्हायला लागतो असं धरलं तर १८ के मधून ०.५ मिलिअँपियर खाली जातो, १२ के मधून ०.२५ वरून येतो, उरलेला ०.२५ कपॅसिटरला. की सोडल्यावर १८ के बाहेर, १२ के चा ०.२५ उलट दिशेने. दोन्ही कडा साधारण ४.८ मिलिसेकंद.

पण मॉसफेटचा थ्रेशोल्ड नगागणिक बदलतो. ३ च्या जागी तो ३.५ निघाला तर चढ साडेसहा मिलिसेकंदावर जातो आणि उतार ४ वर येतो, २.५ निघाला तर उलटं. म्हणून १८ के च्या जागी आधी २२ के चा प्रीसेट लावा, स्कोपवर बघून सेट करा, मग मोजून फिक्स रेझिस्टर लावा. चढ आणि उतार तंतोतंत सारखे व्हायची गरज नाही, ४ ते ७ च्या मध्ये दोन्ही असले की चालतं.

५ मिलिसेकंदच का असं विचाराल तर ते तडजोडीतून आलंय. २ केलं तर क्लिक पुन्हा ऐकू यायला लागतात, १५ केलं तर २५ च्या वरच्या स्पीडला अक्षरं लापशीसारखी एकात एक मिसळतात. ४० शब्दांच्या स्पीडला डिट ३० मिलिसेकंदाचा असतो, त्यात ५ ची कडा आरामात बसते.

कपॅसिटर मायलरच का, तर हे: सिरॅमिकचे जास्त व्हॅल्यूचे कपॅसिटर व्होल्टेज वाढलं की कपॅसिटन्स कमी करतात, त्यामुळे कडा सुरुवातीला एक आणि शेवटी दुसऱ्याच वेगाने चढते. बोर्डावर जागा नाही म्हणून चिप सिरॅमिक टाकायचा मोह होतो, टाळा.

हीटसिंकची काळजी नको. ५ वॅट आउटपुटला पीए साधारण ०.४७ अँपियर घेतो, अर्ध्या चढावर मॉसफेटवर ६ व्होल्ट आणि ०.२३ अँपियर म्हणजे जेमतेम दीड वॅटपेक्षा कमी, तेही काही मिलिसेकंद. सरासरी काढली तर वॅटच्या दहाव्या भागाच्या आत.

५. शेपरच्या पुढे मोठा कपॅसिटर नको

सवयीने आपण प्रत्येक सप्लाय लाइनला १०० मायक्रोफॅरड ठोकतो. शेपरच्या आधी ठोका, हवा तितका. शेपरच्या नंतर, म्हणजे मॉसफेटचा ड्रेन आणि आरएफ चोकच्या मध्ये, फक्त ०.०१ ते ०.१ मायक्रोफॅरड.

कारण: डीसीच्या नजरेने पीए म्हणजे १२ व्होल्ट भागिले ०.४७ अँपियर, साधारण २५ ओहमचा रेझिस्टर. ०.१ मायक्रोफॅरडबरोबर त्याचा टाइम कॉन्स्टंट अडीच मायक्रोसेकंद, कडेला काही फरक नाही. १०० मायक्रोफॅरडबरोबर तोच अडीच मिलिसेकंद, मग उतार तुमच्या शेपरच्या हातात राहत नाही, कपॅसिटर त्याला हवा तसा लांब शेपटीने रिकामा होतो, आणि चढताना त्याला भरायला मॉसफेटला उगाच जास्तीचा करंट द्यावा लागतो. कीइंग मऊ येतंय म्हणून खूश होऊ नका, ती शेपटी पुढच्या डिटमध्ये शिरते.

आरएफ चोकचं तसंच. एफटी३७-४३ वर १२ वेढे म्हणजे साधारण ५० मायक्रोहेन्री, ७ मेगाहर्ट्झला दोन किलोओहमच्या वर रिअॅक्टन्स, भरपूर झालं.

६. क्रम लावा

की दाबल्यावर: रिसीव्हर म्यूट आणि टीआर स्विच (अँटेना रिसीव्हरकडून ट्रान्समीटरकडे नेणारा), मग ड्राइव्ह, मग सप्लायचा चढ.
की सोडल्यावर: सप्लायचा उतार, तो पूर्ण झाल्यावर ड्राइव्ह बंद, मग टीआर स्विच, मग म्यूट काढा.

उतार संपायच्या आधी ड्राइव्ह तोडला तर आउटपुट मध्येच चाकूने कापल्यासारखं तुटतं, सगळी मेहनत वाया. आणि ड्राइव्ह कधीच तोडला नाही तर बॅकवेव्ह. सप्लाय शून्यावर असतानाही गेटवरचा ५ व्होल्टचा स्क्वेअर वेव्ह गेट-ड्रेन कपॅसिटन्समधून पुढे जातो, आणि ड्रेन व्होल्टेज कमी असताना हे कपॅसिटन्स आणखी वाढतात. समोरच्याला मग डिटच्या मधल्या जागेत पण काहीतरी गुणगुणत असतं.

मायक्रोकंट्रोलर नको असेल तर हे असं होतं. की लाइन ७४एचसी१४ च्या एका गेटला. त्या इनपुटला ०.१ मायक्रोफॅरड जमिनीला, १०० के ५ व्होल्टला, आणि कीकडे १एन४१४८, अशा दिशेने की की दाबली की कपॅसिटर डायोडमधून लगेच रिकामा होईल पण की सोडल्यावर १०० के मधूनच हळू भरेल. दाबल्यावर आउटपुट ताबडतोब हाय, सोडल्यावर साधारण ८ मिलिसेकंदाने लो. हा झाला ड्राइव्हचा एनेबल. शेपरचा बीसी५४७ मात्र थेट की लाइनवरून चालवा, दुसऱ्या एका इन्व्हर्टरमधून, उशीर न करता. दाबल्यावर गेट ३ व्होल्ट खाली यायला अर्धा एक मिलिसेकंद लागतोच, तेवढ्यात ड्राइव्ह हजर झालेला असतो. सोडल्यावरही उतार सुरू व्हायला तेवढाच वेळ जातो, म्हणून डिटची लांबी जशीच्या तशी राहते.

टीआरला रिले वापरणार असाल तर त्याला हलायला काही मिलिसेकंद लागतात आणि तेवढा वेळ सप्लाय थांबवावा लागतो. अशा वेळी दोन्ही कडा सारख्याच उशिराने सरकवा. फक्त पुढची थांबवली तर डिट छोटे होतात, हा वर सांगितलेला चौथा प्रकार, आणि जोरात पाठवणाऱ्याला लगेच जाणवतो. त्यापेक्षा ५ वॅटला एक बीएस१७० रिसीव्हरच्या इनपुटला स्विच म्हणून लावलेला बरा, तो मायक्रोसेकंदात हलतो, आवाज नाही, आणि डिटच्या मधलं ऐकू येतं.

७. ड्राइव्ह थांबला की गेट लो, हे दोनदा तपासा

इथे फायनल जातात. बीएस१७० चे गेट लॉजिक आयसीला थेट जोडलेले असतात. क्लॉक थांबला आणि आयसीचं आउटपुट हायवर अडकलं तर तिन्ही मॉसफेट पूर्ण चालू, वर आरएफ चोक म्हणजे डीसीला नुसती तार, म्हणजे १२ व्होल्ट सरळ जमिनीला.

नँड गेट, म्हणजे ७४एसी००, लोक पटकन वापरतात कारण तो हाताशी असतो. नँडचा एनेबल लो केला की आउटपुट हाय होतं, नेमकं जे नको ते. म्हणून अँड वापरा, ७४एसी०८, एनेबल लो तर आउटपुट लो. नँडच हाताशी असेल तर त्याच्यापुढे आणखी एक गेट इन्व्हर्टर म्हणून. आणि गेटपासून जमिनीला १० के टाकाच, म्हणजे आयसी सॉकेटमधून काढलेला असताना सप्लाय दिला तरी मॉसफेट बंद राहतील.

आयआरएफ५१० वापरणाऱ्यांना वेगळी सूचना: त्याचा थ्रेशोल्ड ४ व्होल्टपर्यंत असू शकतो, ५ व्होल्टच्या लॉजिकवर तो धड चालू होत नाही आणि तापतो. त्याला १० ते १२ व्होल्टचा ड्राइव्हर द्या. बीएस१७० चा थ्रेशोल्ड जास्तीत जास्त ३, त्याला ५ व्होल्ट पुरतात, मी नवीन माणसाला तोच सुचवतो.

तपासायची रीत: पीएचा सप्लाय काढून ठेवा, फक्त लॉजिकला ५ व्होल्ट द्या, की न दाबता गेटवर मल्टिमीटर लावा. शून्य दिसलं पाहिजे. मग ऑसिलेटरचं क्रिस्टल किंवा क्लॉकची तार काढून पुन्हा बघा. तरीही शून्य. मगच पुढे.

अजून एक जागा आहे जी सहसा कोणी सांगत नाही. स्विच ऑन करतानाच्या क्षणी शेपरचा ०.१ चा कपॅसिटर रिकामा असतो, तो गेटला खाली धरून ठेवतो आणि पी चॅनल मॉसफेट क्षणभर स्वतःहून चालू होतो, पीएला काही मिलिसेकंद सप्लाय मिळून जातो. गेट लो असतील तर याने काहीही बिघडत नाही. पण मायक्रोकंट्रोलर वापरत असाल तर त्याचे पिन सुरुवातीला कुठेच नसतात, तेव्हा एनेबल लाइनलाही जमिनीकडे रेझिस्टर हवा. शेपरच्या आउटपुटला २.२ के जमिनीला टाकून ठेवा, साठलेला चार्ज त्यातून निघून जातो.

८. डमी लोडवर बघा

पहिल्यांदा शेपर वगळून पीएला थेट ६ व्होल्ट द्या, कारण वरच्या रेझिस्टरांनी ६ ला शेपरच्या गेटला ३ व्होल्टही मिळत नाहीत. पॉवर पाव येईल, सव्वा वॅटच्या आसपास, पण काही चुकलं असेल तर ट्रान्झिस्टर वाचतात. क्लास ईमध्ये ड्रेनवर सप्लायच्या ३.५६ पट व्होल्टेज चढतं, १२ ला ४३, १३.८ ला ४९. बीएस१७० ची मर्यादा ६० आहे, म्हणजे मार्जिन आहे पण फार नाही, आणि लोड ५० ओहम नसेल तर हे ३.५६ चं गणित मोडतं. ट्यूनरशी खेळताना १२ व्होल्टवर फुल की दाबून ठेवू नका.

स्कोपचा प्रोब डमी लोडवर, १० पटीवर. ५ वॅटला पीक टू पीक साधारण ४५ व्होल्ट. ट्रिगर की लाइनवरून घ्या, आरएफवरून नको, नाहीतर चित्र नाचत राहतं. कीयरला (आपोआप डिट-डा काढणारं सर्किट) सलग डिट पाठवायला लावा, टाइमबेस १० मिलिसेकंद. काय बघायचं:

चढ सरळ तिरप्या रेघेसारखा, मध्ये पायरी नाही. सुरुवातीला अचानक उभी उडी असेल तर ती ड्राइव्हची गळती किंवा शेपरच्या पुढचा कपॅसिटर. वरती कोपऱ्यावर शिंग निघालेलं दिसलं तर सप्लाय लांब तारेने आलाय किंवा शेपरच्या आधी कपॅसिटर कमी पडतोय. उताराच्या शेवटी उभा कट दिसला तर ड्राइव्ह लवकर तुटतोय, ०.१ आणि १०० के वाला टायमर वाढवा. तळाशी दोन डिटच्या मध्ये जाड रेघ दिसली तर बॅकवेव्ह, ड्राइव्ह बंदच होत नाहीये.

इंटिग्रेटरच्या कडेचे वरचे आणि खालचे कोपरे थोडे टोकदार असतात, आदर्श कडा दोन्हीकडे गोल असते, रेझ्ड कोसाइन म्हणतात ती. ५ वॅटला माझ्या मते इंटिग्रेटर पुरतो. पुढे याच रिगच्या मागे मोठा अँप्लिफायर जोडायचा विचार असेल तर मायक्रोकंट्रोलरने रेझ्ड कोसाइन काढा, ५ मिलिसेकंदाचे ५० टप्पे टेबलमध्ये ठेवायचे आणि पीडब्ल्यूएममधून बाहेर. १६ मेगाहर्ट्झच्या अर्डुइनो नॅनोवर ८ बिट पीडब्ल्यूएम ६२.५ किलोहर्ट्झला चालतो, त्याला किमान दोन टप्प्यांचा आरसी फिल्टर लावा, नाहीतर तुमच्या सिग्नलच्या दोन्ही बाजूंना ६२.५ किलोहर्ट्झवर पिल्लं उभी राहतात आणि क्लिक घालवता घालवता भलतीच घाण बँडवर जाते.

स्कोप नसेल तर: डमी लोडवरून १एन४१४८ चा डिटेक्टर, पुढे ०.००१ मायक्रोफॅरड आणि १० के, मग मोठा व्होल्टेज डिव्हायडर लावून अर्ध्या व्होल्टच्या आत आणा आणि साउंड कार्डच्या लाइन इनला. ऑडॅसिटीमध्ये रेकॉर्ड करून झूम केलं की कडा मिलिसेकंदात मोजता येते. साउंड कार्ड डीसी पुढे जाऊ देत नाही म्हणून डिटचा माथा हळूहळू खाली झुकलेला दिसेल, तो पीएचा दोष नाही, कडाच फक्त बघा. डिव्हायडर न लावता जोडलं तर साउंड कार्ड गेलं समजा, २२ व्होल्ट पीक आहेत ते.

९. चर्प असेल तर पीएला हात लावू नका

ऑसिलेटर की बरोबर चालू-बंद करू नका, सतत चालू ठेवा आणि त्याच्यापुढच्या अँड गेटने अडवा. त्याचा सप्लाय स्वतंत्र रेग्युलेटरवर, ७८एल०५ पुरतो. पीए अर्धा अँपियर खेचतो तेव्हा १२ व्होल्टची लाइन खाली बसते, आणि व्हीएक्सओ (थोडा सरकवता येणारा क्रिस्टल ऑसिलेटर) त्याच लाइनवर असेल तर सरकणारच. एसआय५३५१ (क्लॉक देणारी आयसी) वापरत असाल तर हा त्रास जवळजवळ नाही. जमिनीची तारही बघा, पीएचा परतीचा करंट ऑसिलेटरच्या जमिनीतून जात असेल तर रेग्युलेटर असूनही टोन हलतो, दोघांच्या जमिनी सप्लायपाशीच एकत्र करा.

ऑसिलेटर सतत चालू म्हणजे रिसीव्हरमध्ये स्वतःचाच कॅरियर ऐकू येणार. तो त्रास झाला तर ऑसिलेटर पत्र्याच्या डबीत घाला, एसआय५३५१ असेल तर रिसीव्ह करताना तो आउटपुट सॉफ्टवेअरने बंद करा आणि ड्राइव्ह एनेबलच्या आधी चालू करा.

१०. हवेतून ऐका

डमी लोडवर चित्र चांगलं आलं की लो पास फिल्टर लावून अँटेनाला जोडा. फिल्टरशिवाय क्लास ई अँटेनाला कधीच नाही, हार्मॉनिक भरपूर असतात.

स्वतःचा सिग्नल शेजारच्या टेबलावरच्या रिसीव्हरवर ऐकून क्लिक आहेत की नाहीत ते ठरवता येत नाही. इतक्या जवळून रिसीव्हर ओव्हरलोड होतो आणि स्वच्छ सिग्नललाही क्लिक मारल्यासारखं वाजवतो, चांगला शेपर उगाच उचकटून काढला जातो. आरएफ गेन कमी, एजीसी (आपोआप गेन बदलणारं सर्किट) बंद, अँटेनाच्या जागी वीतभर तार, आणि रिसीव्हर दुसऱ्या खोलीत. अरुंद फिल्टर लावून सिग्नलपासून ५०० हर्ट्झ, मग १ किलोहर्ट्झ, मग २ किलोहर्ट्झ वर आणि खाली सरका. १ किलोहर्ट्झच्या पलीकडे टक टक ऐकू येऊ नये.

त्याहून चांगलं म्हणजे दूरचा एखादा इंटरनेटवरचा एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा रिसीव्हर) उघडा आणि वॉटरफॉल बघा. क्लिक मारणारा सिग्नल तिथे लगेच ओळखू येतो, प्रत्येक डिटच्या दोन्ही टोकांना आडवी रेघ बाहेर गेलेली असते. आणि शहरातल्याच एखाद्या ओळखीच्या हॅमला फोन करून विचारा, "एक किलोहर्ट्झ वर ट्यून करा आणि सांगा काय येतंय." नुसतं "सिग्नल कसा आहे" विचारलंत तर प्रत्येक जण ५९९ (उत्तम सिग्नलचा रिपोर्ट) देतो, कारण तो तुमच्या फ्रिक्वेन्सीवर ऐकत असतो आणि क्लिक बाजूला पडत असतात.

ऐकताना २० चा स्पीड ठेवा, मग ३० करा. २० ला स्वच्छ आणि ३० ला डिट पातळ होत असतील तर पायरी ६ मधला टायमर बघा. साध्या कीवर क्लिक आणि कीयरवर स्वच्छ असेल तर कीचे कॉन्टॅक्ट उसळतायत, ते घासा, स्प्रिंग आवळा, आणि की लाइनला ०.०१ मायक्रोफॅरड जमिनीला टाका. जुन्या पितळी की वर हे फार होतं.